योपच्या माईकचे अकरा सेकंद

भर कार्यक्रमात मी एका गाणाऱ्याचा आवाज बंद केला. तो गाणं थांबवून समोर बसलेल्या बायकोला काहीतरी सांगत होता, आणि मला वाटलं, गाणं विसरला. त्याची अब्रू वाचवायला मी त्याचा माईक खाली ओढला. अकरा सेकंद. नंतर मोजले, म्हणून आकडा ठाऊक आहे. हॉलमधल्या ऐंशी-नव्वद माणसांपैकी एकालाही काही कळलं नाही. आमच्या धंद्यात याला उत्तम काम म्हणतात.

दिवाळी अंकात लोक आपल्या नोकरीतले पराक्रम लिहितात. माझ्याकडेही दोन-तीन आहेत आणि ते मी सांगून घेणार आहेच, म्हातारीचा तेवढा हक्क असतो. पण लिहायला बसले ती या अकरा सेकंदांमुळे.

माझं माहेर सांगलीचं. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा. भाऊ काम टाळून पळायचे, म्हणून अॅम्प्लिफायरशेजारी मला बसवलेलं असायचं. अण्णांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. स्पीकर गुणगुणायला लागला की आधी वायर बघायची, देव नंतर आठवायचा. आणि दुसरी अशी की प्रत्येक लग्नात एक मामा पिऊन येतो आणि त्याला माईकवर बोलायचं असतं. त्याच्या हातातून माईक ओढायचा नाही. बटणही बंद करायचं नाही, खट्ट आवाज होतो आणि मामाला कळतं. त्याचा आवाज हळूच खाली आणायचा आणि सनई वर घ्यायची. मामा बोलत राहतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, पंगत शांतपणे जेवते. हे मला इतकं छान जमायचं की अण्णा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे.

पुढे लग्न, पुणे, संसार, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी नेदरलँड्स. शरद कॉम्प्युटरवाला. मी त्याच्या मागून डीमन नावाच्या उपनगरात आले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची तरुणी होते. इथे राहण्याच्या परवान्यावर माझी ओळख एवढीच होती की मी शरदवर अवलंबून आहे. तो सकाळी मेट्रोने जायचा आणि मी खिडकीतून ट्राम मोजायची. डच शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, भाषा यायला हवी तर कुठेतरी फुकट काम कर, इथे सगळे करतात. हार्लेमला कालव्याकाठच्या जुन्या पिठाच्या गोदामात गाण्याचा छोटा हॉल होता. सगळा कारभार स्वयंसेवकांचा. स्वयंपाकघरात माणूस हवं होतं. रविवारी दुपारी चारला कार्यक्रम, त्याआधी बँडला गरम सूप.

गाण्याचा कार्यक्रम म्हटल्यावर मी पहिल्या रविवारी सिल्कची साडी नेसून गेले. गजरा मिळाला नाही याची खंत आगगाडीत पूर्ण वीस मिनिटं केली. हॉलमध्ये शिरले तर चामड्याची जाकिटं, केसांना तेल थापून काढलेले कोंबड्याचे तुरे, आणि फुगीर घागऱ्यातल्या साठीच्या बायका. मंचावरचा माणूस पंख्यासमोर उभं राहून ओरडल्यासारखा गात होता. मी सूप ढवळत होते आणि मनात म्हणत होते, या बिचाऱ्यांना कोणी गुरू मिळालेला दिसत नाही. एवढी मी ज्ञानी.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. रॉकबिली म्हणजे आजच्या पणजोबांनी तरुणपणी नाचायला घेतलेलं अमेरिकी संगीत. एक गिटार, एक ड्रम, आणि माणसाएवढा उभा लाकडी बास. त्याच्या तारा ओढून सोडायच्या, त्या लाकडावर खट्कन आपटतात आणि गाणं घोड्यासारखं धावतं. आउटलॉ म्हणजे कायदा मोडून फरार झालेला; आउटलॉ कंट्री हा रॉकबिलीचाच घटस्फोटित चुलतभाऊ. मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत गाण्यांना विटून बाहेर पडलेल्यांचं गाणं. विषय ठरलेले : तुरुंग, ट्रक, दारू, बायको सोडून गेली आणि चूक माझीच होती. हे सगळं अशा देशात गायलं जातं, जिथे डोंगर नाही, वाळवंट नाही, आणि आउटलॉ स्वतः रेनकोट घालून सायकलवर येतो आणि सायकलला दोन कुलपं लावतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एका रविवारी स्पीकर गुणगुणायला लागले. साउंडवाला पोरगेला इंजिनियर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. मी सुपाचा डाव हातात घेऊनच बाहेर आले आणि वायरीमागे चालत गेले. दोन यंत्रं दोन वेगळ्या भिंतींच्या प्लगांवर होती. दोन्ही एका पट्टीवर लावली, गुणगुण थांबली. हॉलभर टाळ्या. त्या डावासकट माझा फोटो अजून बारमागे आहे. पुढच्या वर्षी मी साउंड टेबलावर होते, आणि साठी उलटून गेल्यावरही तिथेच. सांगलीला मात्र कळवलं होतं, मी मिक्सर चालवते. वहिनी अजून विचारते, चटणी बारीक होते का.

टेबलाचं, म्हणजे या मिक्सरचं, काम सोपं आहे. प्रत्येक माईकची वायर तिथे येते आणि तिथून आवाज स्पीकरकडे जातो. प्रत्येक माईकला वर-खाली सरकणारी एक दांडी असते, फेडर. कोण ऐकू येणार आणि कोण नाही, हे त्या टेबलाशी बसलेला माणूस ठरवतो. हे इतकं सरळ वाक्य मला वीस वर्षं नीट ऐकू आलं नाही.

पहिल्याच रॉकबिली बँडला मी शुद्ध करून सोडलं. बासमधून सतत खट्‌खट् येत होती. मला वाटलं, तार सैल झाली आहे. अण्णांच्या लेकीने अर्धा तास खपून तो आवाज गाळून टाकला. बास कसा कीर्तनातल्या पेटीसारखा मऊ लागायला लागला. नाचणारी जोडपी गोंधळून थांबली. कार्यक्रम संपल्यावर बासवाला विम माझ्याजवळ आला. दोन मीटर उंच, हातावर पालीचं गोंदण. अगदी नम्रपणे म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या घोड्याचे पाय कापलेत." मी त्याला तार बदलण्याचा सल्ला दिला. त्यानंतर पंधरा वर्षं तो दरवेळी मंचावरून आधी माझ्याकडे बघून एकदा खट् करायचा आणि भुवया उंचवायचा. ऐकू येतंय ना?

दुसरा पराक्रम भिंतीवरच्या डबीचा. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून खेमेन्टेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आवाज मोजणारी डबी बसवायला लावली. ठरावीक पातळीपलीकडे गेलं की लाल दिवा, आणि तरी ऐकलं नाही की मंचाची वीजच जाते. एकदा स्वीडनच्या बँडचं शेवटचं गाणं चालू असताना गेली. मी डोक्याला हात लावला. पण लाकडी बासला वीज लागत नाही आणि ड्रमलाही नाही. शंभर माणसं पायांनी ताल देत अंधारात गाणं पूर्ण म्हणाली. इतकं चांगलं साउंड मी आयुष्यात केलं नाही, आणि त्यात माझा काहीही हात नव्हता.

आता दुःखाकडे. या संगीताची माणसं संपत चालली आहेत. आधी रविवारी कोट अडकवायला जागा नसायची. मग मोकळ्या खुंट्या दिसायला लागल्या. फुगीर घागऱ्यातल्या आजी नाचायच्या, मग खुर्चीत बसून पाय हलवायच्या, मग त्यांची खुर्चीही नसायची. बारवर कोणीतरी नुसतं नाव सांगायचं आणि आम्ही मान हलवायचो. तरुण येत नाहीत असं नाही. येतात, फोटो काढतात, एक गाणं ऐकतात.

या सगळ्यांत योप माझा लाडका. वयाने माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, राहायला बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाला खेटून. चाळीस वर्षं फुलांचा ट्रक चालवत इटलीपर्यंत जायचा. ट्रकवाल्याचं दुःख गाणारे मी पुष्कळ पाहिले, पण क्लच दाबून दाबून गुडघा खरोखर गेलेला तो एकटाच. वर्षातून चार वेळा तो आमच्याकडे गायचा, मागे विमचा बास. आवाज सुंदर नव्हता. खरवडलेल्या पातेल्यासारखा होता, पण त्यात खोटं काही नव्हतं. आणि पहिल्या ओळीत, डाव्या कडेला त्याची बायको रिया. नाव आपल्यासारखं, बाकी सगळं पक्कं डच. सरळ पाठ, आखूड केस, मांडीवर पर्स. गाण्यात सोडून गेलेल्या बायका होत्या, ही मात्र पन्नास वर्षं तिथेच बसून होती. मी एकदा चेष्टेने विचारलं, ही सगळी गाणी ऐकून तुला राग नाही येत? ती म्हणाली, गाण्यातल्या बायकांशी तो निदान बोलतो.

योप बोलायचाच नाही. ट्रकमध्ये एकटा राहून सवय गेली होती. दोन गाण्यांच्या मधे लोक गप्पा मारतात, विनोद करतात. तो टोपी नीट करायचा आणि पुढचं गाणं.

उन्हाळ्यात एकदा त्यांनी मला आणि शरदला बागेत कॉफीला बोलावलं. बाडहूव्हडॉर्पच्या माणसांची एक लकब असते. डोक्यावरून विमान गेलं की ती वाक्याच्या मध्येच थांबतात, चेहऱ्यावर काही न दाखवता, आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलतात. पाहुण्यांची तारांबळ उडते, यांना त्याचं काहीच नाही. पूर्वी योप असा थांबायचा आणि बरोबर पुढच्या शब्दावर उतरायचा. त्या दिवशी तो शरदला इटलीच्या घाटाबद्दल सांगत होता. विमान आलं. तो थांबला. विमान गेलं. आम्ही वाट बघत होतो. योप कपाकडे बघत राहिला. रियाने बिस्किटांची थाळी उचलून माझ्यापुढे धरली.

फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने सांगितलं. हाउसआर्ट्सने, त्यांच्या फॅमिली डॉक्टरने, पुढे पाठवलं होतं, तपासण्या झाल्या होत्या. गाणी अजून आहेत, ती म्हणाली, बाकीचं जातंय. ऑक्टोबरमध्ये एकदा गाऊ दे, मग पुरे.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी बँड दुपारी बारा वाजता आला. योपने मला दोनदा विचारलं, आज शुक्रवार ना. पंधरा वर्षं गायलेल्या हॉलमध्ये त्याला स्वच्छतागृह सापडेना, मी दारापर्यंत घेऊन गेले. मग माईक तपासताना तो मंचावरून उतरून माझ्या टेबलाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, की शेवटच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याच्या आधी, मी थांबणार आहे. रियाला काहीतरी सांगायचंय. माईक चालू ठेव.

मी मान हलवली. ही मान कशी होती ते सांगते. आमची नात इरा लहानपणी म्हणायची, मी मोठी झाले की जिराफ होणार, तेव्हा मी हलवायची ती. मनात म्हटलं, आणखी पाच मिनिटांत याच्या लक्षातही राहणार नाही.

आणि पाचच मिनिटांनी रिया आली. पर्स दोन्ही हातांत घट्ट. म्हणाली, तो अडकला तर त्याला झाक. लोक त्याला हसायला नकोत, एवढंच बघ. मी विमला आणि गिटारवाल्याला बोलावलं आणि बेत ठरवला. योप थांबला की गिटारवाल्याने जोरात सुरू व्हायचं, ड्रमने साथ द्यायची, मी माईक खाली घेईन. तो सावरला की वर. माझ्या डोळ्यांसमोर मामा आणि सनई. हे तर मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून करत आले होते.

तास-सव्वा तास तो सुंदर गायला. एक शब्द चुकला नाही. शेवटच्या गाण्याचं दुसरं कडवं झालं आणि तो थांबला. टोपी काढली. टोपी तो कधीच काढत नसे. पहिल्या ओळीत डावीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

माझा हात माझ्याआधी पोचला. फेडर खाली, गिटार वर. गिटारवाला तुटून पडला, ड्रम, विमच्या घोड्याच्या टापा. सगळं ठरल्यासारखं. योपचे ओठ हलत होते. अकरा सेकंद. मग त्याने टोपी घातली आणि तिसरं कडवं पहिल्या शब्दापासून धरलं, बरोबर तालावर, विमान गेल्यावर पूर्वी धरायचा तसं. मी माईक वर घेतला. लोक उभे राहिले, रियाही. जाताना तिने माझा हात दाबला.

ते सगळे गेल्यावर वायरी गुंडाळताना मला ते आठवलं. माईक चालू ठेव, म्हणाला होता. त्याच्या लक्षात राहिलं. विसरले मी.

अजून एक गोष्ट आहे, ती धंद्यातल्यांनाच कळेल, पण सांगते. गाणाऱ्याच्या पायाशी एक लहान स्पीकर असतो. स्वतःचा आवाज ऐकायला. त्याचा आवाज फेडरवर अवलंबून नसतो. म्हणजे त्या अकरा सेकंदांत योपला स्वतःचं बोलणं व्यवस्थित ऐकू येत होतं. त्याला वाटलं, सगळ्यांना ऐकू येतंय.

मी प्रत्येक कार्यक्रम टेबलावरून रेकॉर्ड करायची. ते रेकॉर्डिंग मी इतक्यांदा ऐकलं की शरदने एक दिवस हेडफोन माझ्या कानांवरून काढून ठेवले. त्यात गिटार आहे, ड्रम आहे, घोडा आहे. फेडर खाली असला की रेकॉर्डिंगलाही आवाज मिळत नाही. टेबलावर एक लहान बटण असतं, ते दाबून हेडफोन लावले की बंद माईकही ऐकता येतो. हेडफोन माझ्या गळ्यात होते. विमला विचारलं, तो कानात बोळे घालून वाजवतो. घागऱ्यातल्या एका बाईने फोनवर चित्रण केलं होतं, त्यात योपच्या तोंडासमोर माईक आणि त्यावर गिटारचा धुमाकूळ. मी सगळ्यांना विचारलं. रियाला मात्र काही सांगितलं नाही. तिला वाटत होतं की सगळं छान झालं, आणि मी ते तसंच राहू दिलं. म्हटलं ना, मला हे छान जमतं.

हिवाळ्यात माझे कान तपासले. वरच्या पट्टीतलं बरंच गेलं आहे, तपासणारी मुलगी म्हणाली, कुजबुज ऐकायला त्रास होत असेल. होतो. इरा डचमध्ये बोलते, तेही कानात, आणि मी जिराफवाली मान हलवते. विमचा खट् मला बहुतेक दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हता, मी नुसत्या त्याच्या भुवया बघून हसत होते. मार्चमध्ये मी टेबल सोडलं.

माझ्या शेवटच्या रविवारी, कार्यक्रमाच्या आधी, रिया आली. एकटी. योपला जानेवारीत सांभाळगृहात ठेवलं होतं. तिला ओळखतो, पण कोण म्हणून ते कळत नाही. गाणं लावलं की ओठ हलतात. ती माझ्यासाठी ट्यूलिप घेऊन आली होती, आणि तिला ऑक्टोबरचं रेकॉर्डिंग हवं होतं. सगळं नको. शेवटच्या गाण्यातला तो मधला तुकडा, टोपी काढल्यानंतरचा.

मग मी सांगितलं. मान हलवली ती, मामा, सनई, फेडर, गळ्यातले हेडफोन. तोडक्या डचमध्ये, वीस वर्षांनीही तोडक्याच, काहीही न वगळता. तू झाकायला सांगितलं होतंस, असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढं गिळलं.

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून रिकाम्या पहिल्या ओळीकडे बघत होती. पर्स मांडीवर घेतली, मग उठून कोटाची बटणं लावली, सगळी, वरपर्यंत. आणि म्हणाली ते इथे जसंच्या तसं देते :

"घरी जाताना गाडीत मी त्याला विचारलं, काय म्हणालास रे? तो म्हणाला, टेबलावरच्या बाईला विचार, तिला सगळं ऐकू येतं."